विमलाकाकीची रिंग

कणकवलीच्या बाजारात दत्तप्रसादचं खेळण्यांचं दुकान आहे. विमलाकाकी तिथे पहिल्यांदा गेली तेव्हा तिने दाराशी चपला काढल्या, हातातली पिशवी सुनेकडे दिली आणि जमिनीवर फुगवून ठेवलेल्या एका गुलाबी रिंगमध्ये ती सरळ जाऊन बसली.

“काकी, ती नुसती दाखवूक ठेवलेली आसा,” असं दत्तप्रसाद म्हणेपर्यंत काकी आत रुतली होती. तिला बाहेर काढायला एका बाजूने सून योगिनी आणि दुसऱ्या बाजूने दत्तप्रसाद, असे दोघे लागले.

“बसान बगल्याशिवाय कळतला कसा?” पदर सारखा करत काकी म्हणाली. “ही माका पुरणा नाय. मगे पावण्यांका काय पुरतली? घाटावरची माणसा ती. दूध पितत, दूध!”

दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं हसली. काकीला त्याचं काही नव्हतं. सगळी उमर तिने मालवणच्या बाजारात मासळी विकण्यात घालवली होती, आणि हसणाऱ्या गिऱ्हाइकाला ती कधी भ्यायली नाही.

देवबागला तिचं घर. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी, तिच्यात ते बसलेलं. मुलगा निकेत पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवायला न्यायचा. घरामागे पाहुण्यांसाठी त्याने खोल्या काढल्या होत्या आणि गेल्या दिवाळीच्या आधी माडांच्या मधोमध एक छोटासा स्विमिंग पूलही बांधून घेतला होता. लहान पोरं घेऊन येणारी माणसं समुद्राला बिचकत. लाट केवढी येईल, पायाखालची वाळू कधी सरकेल, याचा त्यांना भरवसा नसे. पोरं मात्र पाण्यासाठी रडून गोंधळ घालत. त्यावर हा उपाय.

काकीच्या नवऱ्याला, रामाकाकांना, तो मुळीच पसंत नव्हता. “दर्याच्या दारात तळी खणल्यान माझ्या झिलान,” ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

पूल झाला, आता त्यात तरंगायला काहीतरी हवं. पहिल्या खेपेला योगिनीने फोनवर चित्रं बघून रिंगा मागवल्या. चित्रात एक भलादांडगा माणूस हात डोक्याखाली घेऊन झोपला होता. खोका उघडला तर आतल्या रिंगा पाचवी-सहावीतल्या पोराच्याही कमरेत अडकतील एवढ्याच. योगिनी बिचारी हिरमुसली. तेव्हा काकीच म्हणाली, “असू दे गो. आपण दुकानात जावया. वस्तू हातात घेवन बगूक व्हयी.”

आणि म्हणून ही कणकवलीची फेरी.

काकीने त्या दिवशी दुकान उलटंपालटं केलं. तान्ह्या पोरांसाठी पाय घालायची भोकं असलेली बैठकीची रिंग तिने निवडली. आत एक हात घालून दोन बोटं फिरवली, कड पोराच्या मांडीला कापेल का ते बघितलं. एक रिंग नाकाशी नेऊन लगेच ठेवून दिली. “ह्येका घासलेटासारको वास येता. पोर तोंडात घालतला.” शिवणी ओढून बघितल्या. इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग तिची नजर वर गेली.

वर, छताला टांगलेला, एक प्रचंड मोठा गुलाबी पक्षी होता. लांब मान, काळी चोच, पाठीवर दोन माणसं बसतील एवढी जागा.

“तो बगळो खाली काड.”

“बगळो नाय काकी, फ्लेमिंगो.”

“बगळोच तो. शेंदूर फासलेलो.” काकी त्याच्यापुढे लहान मुलीसारखी उभी राहिली. त्याला तिने ओढून बघितलं नाही, वास घेतला नाही, काही नाही. “ह्यो व्हयोच,” म्हणाली. योगिनीने हळूच सुचवलं की हा जरा अवजड पडेल. पण काकीचं मन बसलं होतं.

फ्लेमिंगो देवबागला आला आणि पाहुण्यांची दोनच कुटुंबं त्याच्यावर बसली असतील नसतील, तेवढ्यात त्याने प्रताप दाखवला. कोल्हापूरचे एक धिप्पाड गृहस्थ एका बाजूने चढायला गेले तसा तो उलटला आणि गृहस्थ चोचीसकट पाण्यात. सुदैवाने पाणी कमरेइतकंच होतं. ते वर येऊन स्वतःच हसायला लागले म्हणून निभावलं. त्यानंतर काहीच दिवसांनी, थंडीतली सकाळ, जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सुटलेला. कोणी फ्लेमिंगोला बांधून ठेवायचं विसरलं होतं. वाऱ्याने त्याला पुलातून उचललं, कुंपणावरून पलीकडे टाकलं आणि वाळूवरून लोळवत नेऊन लाटांच्या हवाली केलं. काकी केरसुणी हातात घेऊन मागे धावली, पण बगळा काही थांबला नाही. मान ताठ ठेवून तो क्षितिजाकडे चालता झाला.

दुपारच्या सुमाराला शेजारचा मंगेश मासेमारी करून परत आला तेव्हा त्याच्या होडीच्या पुढच्या टोकावर फ्लेमिंगो बसलेला होता. सगळा किनारा जमा झाला. “काकीनू, ह्यो तुमचो जावय काय?” मंगेशने पाण्यातूनच ओरडून विचारलं. देवबागात तो जावई पुढे कित्येक दिवस चर्चेत होता.

पण काकीला त्या दिवशीची दुसरीच गोष्ट लक्षात राहिली. ती पक्ष्याला ओढत घरी घेऊन आली, तेव्हा लोट्यावर, म्हणजे पुढच्या पडवीत, खुर्चीत बसलेले रामाकाका हसत होते. तोंडाच्या एका बाजूने, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“गो विमल, उंच मान आसलेला काय पण वाऱ्याक गावताच. होडयेक शीड लावतत ता कित्याक?”

काकी त्यांच्यावर खेकसली. पण या माणसाचं हसू तिने दोन पावसाळ्यांत ऐकलं नव्हतं.

रामाकाका म्हणजे रापणीचा माणूस. किनाऱ्यापासून होडीने जाळं टाकत आत जायचं, गोल वळसा घालून परत यायचं आणि मग सगळ्या वाडीने दोन्ही टोकांचे दोर वाळूवरून ओढायचे, ती रापण. दोर कधी धरायचा, कधी सैल सोडायचा, ते काकांच्या हाळीवर चाले. दोन वर्षांपूर्वी सकाळी दात घासताना ते अंगणात कोसळले. अर्धांगाचा झटका. जीव वाचला, बोलणं परत आलं, हातही बऱ्यापैकी सुधारला. डावा पाय तेवढा फरफटत राहिला. कणकवलीला व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, कमरेएवढ्या पाण्यात रोज चालवा, पाण्यात अंगाचा भार कमी होतो, पायाला उमेद येते. समुद्रात लाटांमुळे तोल जाईल, साठलेलं पाणी बघा.

साठलेलं पाणी तर आता दारातच होतं. पण काकांनी साफ सांगितलं. “उबो जल्म दर्यात काडलंय मी. आता पोरांच्या मुताच्या तळयेत चलूक शिकू? लोकांनी बगूचा आणि हसाचा? माका नाय जमाचा.” निकेतने समजावलं, योगिनीने समजावलं. काकांनी खुर्ची फिरवली आणि समुद्राकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून ते बसायला लागले. काकीने दोनदा सांगून बघितलं आणि मग सोडून दिलं. त्यांचा नकार कुठवर ताणायचा ते तिला ठाऊक होतं.

फ्लेमिंगोची मान वाऱ्याला सापडते हे कळल्यापासून काकी शहाणी झाली होती. पुढच्या खेपेला कणकवलीला गेली ती बसक्या, रुंद वस्तू शोधायला. कुटुंबासाठी एक मोठा गोल तराफा घेतला. चौघं कडेला टेकून पाय मधे सोडून बसतील असा, आणि धरायला चहूबाजूंनी दोरी. मोठ्या माणसांसाठी निवडल्या त्या मधे जाळी असलेल्या रिंगा. त्यात बसलं की माणूस अर्धा पाण्यात, अर्धा वर राहतो, त्यामुळे उलटत नाही. हवेचे कप्पेही दोन दोन असलेले बघितले. एक फुटला तरी दुसरा धरून ठेवील. “रिंग आसली तरी पोरांकडे मोठ्या माणसान बघूकच व्हया,” असं तिने निकेतकडून पाटीवर लिहून घेतलं आणि रिंगा समुद्रात नेऊ नयेत, हेही. ते का, ते विचारणाऱ्याला मंगेश आनंदाने सांगायचा.

त्याच जाळीच्या रिंगेत जानेवारीत सुभद्राबाई झोपल्या. गडहिंग्लजच्या. लेक-जावई-नातवंडांसोबत आलेल्या, वय काकीएवढंच, अंगाने तिच्यापेक्षा भरलेल्या. पहिल्या दिवशी काठावर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी लेकीने ओढून आत नेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी काकी वाळत घातलेले टॉवेल काढायला गेली तर सुभद्राबाई पंजाबी ड्रेसमध्ये रिंगेत आडव्या, डोळे मिटलेले, हात दोन्ही बाजूंना पाण्यात सोडलेले.

“वहिनी, या की!” त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. “गुडघं दुखायचं थांबलंय बघा. पाण्यानं उचलून घेतल्यागत वाटतंय.”

“माका पोवूक येणा नाय,” काकी म्हणाली.

“मला तरी कुठं येतंय?”

काकी टॉवेल घेऊन आत आली. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

इतका समुद्र दारात, पण ती त्यात गुडघ्याच्या वर कधी गेली नव्हती. होडी लागली की बायकांनी पाण्यात पुढे व्हायचं, टोपली घ्यायची आणि मागे फिरायचं. साडी ओली होई ती गुडघ्यापर्यंत. पाण्यात जायचे ते पुरुष. त्यांच्यासाठी काठावर उभं राहायचं, ढग बघायचे, देवाला सांगायचं. पाण्याने कधी आपल्याला उचलून घ्यावं असं तिच्या मनात आलंच नव्हतं. आता आलं, ते जाईना.

सुभद्राबाई गेल्यावर काकी पुन्हा दत्तप्रसादकडे गेली. या वेळी एकटीच, एसटीने. “माझ्यायेवड्या माणसाक दाखव,” एवढंच म्हणाली. पाठ टेकायला उंचवटा असलेली, मधे जाळीची, भोवती दोरी ओवलेली एक निळी रिंग तिने घेतली. तीत तिने बसून बघितलं, एकदा नाही, तीनदा. घरी विचारलं तेव्हा “पावण्यांका” म्हणाली आणि पलंगाखाली सरकवून ठेवली.

संधी मिळाली ती शिमग्यानंतरच्या एका रिकाम्या दुपारी. पाहुणे सकाळीच गेले होते. निकेत होडीवर होता. योगिनी स्वयंपाकघरात कोकमाची सोलं निवडत बसली होती. काकीने सुनेचा जुना पंजाबी ड्रेस मागून घेतला. योगिनीने तो दिला आणि सोलांचं सूप उचलून ती पुलाकडच्या खिडकीशी येऊन बसली. काकी रिंग काखेत मारून लोट्यावरून निघाली.

रामाकाकांनी तिला त्या वेषात पाहिलं आणि त्यांच्या हातातला पंखा थांबला.

“विमल! खंय चललंस?”

“पाण्यात.”

“तुका पोवूक येता?”

“नाय.”

“मगे?”

“म्हणान तर ही हाडलंय.”

“गो, ता पोरांचा खेळणा! उलाटला म्हणजे?”

“उलाटला तर तुमी आसात मां,” काकी म्हणाली आणि चालत राहिली.

काका काठी शोधू लागले. मागून त्यांच्या शिव्या आणि काठीचा टकटक आवाज, दोन्ही एकदमच येत होते. काकीने रिंग पाण्यावर ठेवली, पायऱ्या उतरली, कठडा धरून एक पाय रिंगेत टाकायला गेली तशी रिंग सुळकन पुढे सरकली. तिचा दुसरा पाय घसरला. दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून ती तशीच लोंबकळली आणि ओरडली, “ओ, धरा! धरा ओ!”

काठी फरशीवर पडल्याचा आवाज आला. लुंगी वर खोचलेले रामाकाका कठड्याच्या आधाराने पायरीपायरीने खाली येत होते. कमरेएवढ्या पाण्यात पोचले, एका हाताने बायकोचं बखोट धरलं आणि दुसऱ्याने पळालेल्या रिंगेची दोरी.

“अशी कोण बसता? होडयेत कशी चडतत? रिंगेक पाट कर. पाट कर आदी. आता खाली बस. माझ्यार इस्वास ठेव गो!”

काकीने डोळे मिटले, रवळनाथाचं नाव घेतलं आणि मागे बसली. रिंग खाली गेली, डुचमळली, काकीने किंकाळी फोडली. मग सगळं स्थिर झालं. पाणी पाठीपर्यंत आलं, गार, आणि तिचं अंग कुठे टेकलेलंच नव्हतं. टोपलीचा भार वाहिलेली मान, बाजारात उकिडवी बसून बसून धरलेले गुडघे, कशालाच काही करायचं नव्हतं.

“बुडलंय मी?” तिने विचारलं.

“बुडलेली माणसा बोलनत नाय. डोळे उगड.”

तिने डोळे उघडले. वर माडांची झावळं होती आणि त्यांच्या मधून आभाळ. झावळं हळूहळू मागे जात होती. तेव्हा तिला कळलं की रिंग चालते आहे. काकांनी दोरी खांद्यावरून घेतली होती आणि होडी पाण्यातून काठाला आणावी तसे ते पुढे चालत होते.

पहिली बाजू पार झाली, कोपरा आला, वळून दुसरी बाजू सुरू झाली, तेव्हा काकीचं लक्ष पाण्यातून खाली गेलं. स्वच्छ पाणी, तळाला निळ्या फरश्या. त्यांच्यावर काकांची पावलं पडत होती. उजवं, मग डावं. डावं फरफटत नव्हतं. सावकाश, पण उचलून पडत होतं.

काकीने नजर परत वर झावळांकडे वळवली. बोलली असती तर काका तिथल्या तिथे थांबले असते, पायाकडे बघितलं असतं आणि बाहेर आले असते. चाळीस वर्षांचा संसार होता तिचा. खिडकीकडे बघितलं तर योगिनी तोंडावर हात धरून बसली होती. काकीने तिला डोळ्यांनीच दटावलं.

“झाला?” काकांनी विचारलं.

“येक फेरी झाली फक्त. माझे पैशे वसूल होवूक नको? आणखी येक मारा.”

“बैलच गावलंय मी तुका,” काका कुरकुरले आणि दोरी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

पुढे वाडीत सगळे म्हणत की विमलाकाकीने नवऱ्याला युक्तीने पाण्यात उतरवलं. मंगेश तर ही गोष्ट पर्यटकांना होडीत रंगवून सांगायचा. काकीला ते ऐकून राग यायचा. “युक्ती नाय न् काय नाय,” ती म्हणायची. “माका पाण्यात बसूचा होता. खरोखरच बसूचा होता. तेंका बोलवूक मी गेललंय?” आणि ते खरंच होतं. पण काका पाण्यात उतरतील असं तिच्या मनात अगदीच नव्हतं का, हे तिला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तिलाही नीट सांगता आलं नसतं.

त्या दिवसापासून पाहुणे जेवून आडवे झाले की दोघं पुलावर जात. काका म्हणत, “हिका एकटी सोडली तर बुडान मरतली, म्हणान येतंय.” व्यायाम हा शब्द कोणी काढायचा नाही असं योगिनीने घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. एकदा मुंबईचा एक पाहुणा कौतुकाने फोटो काढायला आला तर काकांनी त्याला अशी हाळी दिली की तो फोन खिशात घालून उलटपावली गेला. काकी रिंगेत हसत राहिली. ती रापणीची हाळी होती. इतक्या दिवसांनी ती तशीच्या तशी, खणखणीत बाहेर आली होती.

एप्रिलमध्ये कणकवलीच्या डॉक्टरीणबाईंनी पाय तपासला आणि “काय केलंत तुम्ही?” असं विचारलं. काका मान ताठ करून शुद्ध मराठीत म्हणाले, “काही नाही. बायकोला फिरवतो.”

महिना सरता सरता एका सकाळी किनाऱ्यावर रापण लागली. काकी अंगणात भांडी घासत होती. लोट्यावरची खुर्ची तिला रिकामी दिसली. काठी भिंतीला नव्हती. ती कुंपणापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. दोर ओढणाऱ्यांच्या रांगेत अगदी शेवटी, कोरड्या वाळूवर, रामाकाका उभे होते. काठी वाळूत रोवलेली, दोराचं टोक दोन्ही हातांत. त्यांच्या ओढण्याने जाळं फार काही पुढे येत होतं असं नाही. पण पुढचा माणूस मागे वळून त्यांना काही विचारत होता आणि ते सांगत होते.

काकी परत येऊन भांडी घासत बसली. बऱ्याच वेळाने ते आले, लुंगी ओली, पायाला वाळू, हातात प्लास्टिकच्या पिशवीत थोडे बांगडे. रापणीतला त्यांचा वाटा.

“तिकला कर,” पिशवी पुढे करून ते म्हणाले. “तिरफळा घालून.”

काकीने पिशवी घेतली, एका बांगड्याचा कल्ला उघडून बघितला आणि “पाय धुवन घरात येवा, वाळू हाडू नकात,” असं म्हणून ती आत गेली.